बुआलायच्या लेकीची गळकी झडप

बुआलाय नाव आधी बोटांनी ठोकायची, मग फळीला कान लावायची आणि मगच तोंड उघडायची. मेकाँग नदीकाठच्या त्या गावात फटींत राळ भरून नावा दुरुस्त करणारी ती एकटीच बाई. सुरुवातीला पुरुषांनी नाकं मुरडली, पण बुडायची हौस कुणाला असते? हळूहळू सगळे तिच्याच अंगणात नावा ओढून आणू लागले. बाई तिखट. कुणी घाई केली की म्हणायची, "तुला पोहता येतं ना? मग घेऊन जा."

तिची एकुलती एक लेक साइफोन. पंधरा वर्षांची, अंगाने काडी, पण दंडात बळ. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की नदीवर नावांची शर्यत होते, तिच्यात बायकांच्या नावेत साइफोनला यंदा पहिल्यांदाच जागा मिळाली होती. नेमकी तेव्हाच शाळेत नर्स तपासणीला आली. साइफोनच्या छातीला नळी लावून म्हणाली, ठोक्याबरोबर कसलासा आवाज येतोय, शहरात जाऊन हृदयाची सोनोग्राफी करून घ्या.

सोनोग्राफी झाली, कागद हातात पडला. समजावून सांगणारी डॉक्टरीण मात्र पुढच्या आठवड्यात भेटणार होती. तेवढा धीर कुणाला असतो? साइफोनने बसमध्येच कागद उलगडला.

"आई, एका झडपेतून थोडी गळती आहे म्हणे."

बुआलायचा धाकटा भाऊ लहानपणी असाच दम लागून लागून गेला होता. त्याला काय झालं होतं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. त्याची आठवण ती कधी काढत नसे, पण त्या बसमध्ये तो तिच्या शेजारी येऊन बसला.

घरी पोचताच तिने लेकीचं वल्हं उचलून आढ्याला खोचलं. पाण्याची बादली उचलायची नाही, जिना भरभर चढायचा नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारेकोतारे बोलावले, फुलं मांडली, आणि घाबरून पळालेले पोरीचे प्राण परत यावेत म्हणून सगळ्यांनी तिच्या मनगटांवर पांढरे दोरे बांधले. नावेत ढोल वाजवून ताल देणारी चान्सी मावशीही आली होती. ती म्हणाली, "अगं, पोर दिसतेय कुठे? नुसता दोराच दिसतोय."

"मावशी, उरलेला तुझ्या तोंडाला बांधू का?" बुआलाय म्हणाली. सगळे हसले, साइफोन सोडून. संध्याकाळी बाकीच्या जणी सरावाला जायच्या, आणि ही काठावर गुडघ्यात मान घालून बसायची.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरणीने दोरे बाजूला सारून नाडी पाहिली आणि पडद्यावर हृदयाचं चित्र लावलं. हृदय उघडत होतं, मिटत होतं. मिटताना एका जागी निळ्या रंगाची बारीकशी चिळकांडी मागे फिरत होती.

"हीच ती गळती?" बुआलायने विचारलं.

"हीच. झडप मिटते, पण अगदी घट्ट बसत नाही. म्हणून जरासं रक्त मागे येतं."

"मागे आलेलं साचून राहतं?"

"नाही. साचलं असतं तर हा कप्पा फुगला असता. मापं घेतलीत, कप्पा नेहमीएवढाच आहे. आणि हृदय पूर्ण ताकदीने रक्त ढकलतंय."

"पुढे वाढलं तर?"

"त्यासाठीच वर्षातून एकदा दाखवायचं. मध्येच दम लागला, चक्कर आली, छातीत धडधडलं, तर वर्षाची वाट बघायची नाही. बाकी शाळा, खेळ, वल्हं, सगळं चालेल."

साइफोनने आईकडे पाहिलं.

परत आल्यावर बुआलाय सरळ शर्यतीच्या नावेकडे गेली. नाव पाण्यात उभी होती. ती आत उतरली आणि तळाशी झिरपलेलं पाणी करवंटीने उपसू लागली. साइफोन काठावरून बघत होती.

"आई, नाव गळतेय."

"गळत नाही, पाझरतेय. एवढं चालतं. मी बघून ठेवलंय."

"मग हिला का नाही काठावर ओढून ठेवलंस?"

बुआलायचा हात थांबला. कुठल्या फटीत राळ भरायची आणि कुठली नुसती नजरेखाली ठेवायची, हे अख्खं गाव तिला विचारायचं. तिने पोरीकडे बघितलं आणि तिला रडू फुटलं. करवंटीतलं पाणी तिच्याच अंगावर सांडलं.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली.

"मला पण वाटते. पण मला वल्हवायचंय."

घरी जाऊन बुआलायने आढ्याचं वल्हं खाली काढलं.

शर्यतीत गावच्या बायका तिसऱ्या आल्या. कोण पुढे, कोण मागे, बुआलायने काही पाहिलं नाही. तिचे डोळे एकाच पाठीवर खिळले होते. नाव काठाला लागली तशी ती गुडघाभर पाण्यात शिरली, लेकीला धरलं आणि सगळ्यांदेखत तिच्या छातीला कान लावला. ढोल थांबला. पोरगी लाजेने लाल.

"बुआलाय, काय म्हणतंय गं?" चान्सी मावशीने नावेतून विचारलं.

बुआलायने कान काढला नाही. आत जोरजोरात ठोके पडत होते, एकामागून एक, आणि पोरीचा घाम तिच्या गालाला लागत होता.

"भूक लागलीय म्हणतंय," ती म्हणाली.