मामांचा उडीद आणि मामींचे पापड

तिरुवैयारूजवळच्या आमच्या गावात शेषगिरीमामांइतका तत्त्वाचा माणूस नाही, असं मामाच सांगतात. घरची कावेरीकाठची जमीन असून तरुणपणी ते शेतमजुरांच्या मोर्चात पुढे असायचे. धनलक्ष्मीमामीला मोर्चाचं कौतुक नाही. परसात तिचा उडदाच्या पापडांचा, इकडच्या अप्पळमचा, छोटा कारखाना आहे आणि तो नीट चालतो.

मामी बर्माचा उडीद वापरते. सरकारने त्याच्यावर आयातकर ठेवलेला नाही, म्हणून तो स्वस्त पडतो. मामांच्या शेतात भातामागून उडीदच येतो. त्यामुळे कराचा विषय निघाला की घरात ठिणगी पडायची. मामा म्हणायचे, कर लावा, शेतकरी जगेल. मामी म्हणायची, लावा की, मग पापड महाग होतील, गिऱ्हाईक पाठ फिरवेल आणि माझ्या पापड लाटणाऱ्या बायकांचा पगार तुम्ही द्या. हे सगळं जेवताना, मामांच्या पानात तिचाच पापड असताना.

पगाराचं खूळ मुळात मामांचंच. पापडामागे मजुरी ही पिळवणूक आहे, अशी त्यांची वर्षानुवर्षांची भुणभुण. नवे कामगार कायदे आल्यावर तर त्यांनी पेपर दाखवून मामीला भंडावलं. शेवटी यंदा तिने बायकांना महिन्याचा पगार बांधून दिला, भरपगारी सुट्टी दिली. मामा कितीतरी दिवस मिशीतल्या मिशीत हसत होते.

मग उडीद पिकला. दरवर्षी याच बायका पापड सोडून कापणीला यायच्या. यंदा एकही येईना. त्यांची पुढारी भारती सरळच म्हणाली की बांधलेला पगार बुडवून चार दिवसांच्या मजुरीला कोण येणार? शेतात शेंगा वाळून काळ्या झाल्या होत्या. आणखी थोडं ऊन लागलं की तडकून दाणे मातीत जाणार होते. करायला गेलो एक, असं मामांचं झालं. मला आधी हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून वाईटही वाटलं.

अखेर मामीच बोलली. "अस्का, सगळाच्या सगळा, उडीद मी घेतें. मग कापणी माझ्या कारखान्याचं काम, बायका पगारावर येतील. भारतीला विचारलंय. पण भाव बर्माचा, आणि काट्यावर भरेल तेवढ्याचाच."

मामांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दंव असतानाच कापणी सुरू झाली. न्याहारीच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीला बायका विळे ठेवून बांधावर बसल्या, इडलीचे डबे उघडले. शेवटचा तुकडा अजून उभा होता आणि ऊन चढत होतं. शेंगा तडतडायला लागल्या. गळेल त्या दाण्याचं नुकसान मामांचं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मामीलाच राहवेना. एवढा तुकडा उरकून मग खा, असं ती बायकांना म्हणाली. भारती उठायला लागली.

"बस," मामा म्हणाले. "अर्धा तास म्हणजे अर्धा तास."

आणि भारतीच्या शेजारचा विळा उचलून ते स्वतःच त्या तुकड्यात उतरले. जन्मभर मजुरांच्या बाजूने बोललेले मामा पहिल्यांदाच विळा धरत होते. दोन रोपं कापली की कंबर धरून उभे राहायचे. त्या दिवशी मला मामा फार आवडले.

मामीने पदर खोचला आणि दुसरा विळा घेऊन त्यांच्या मागोमाग गेली.