स्कार्गोचा डोळा

स्कार्गोचा किल्ला अर्धा कड्यावर आहे आणि अर्धा गावातल्या घरांत. शेवटच्या लॉर्डनं छपराचा कर चुकवायला छप्परच उतरवून टाकलं, आणि मालकच घर मोडायला निघाल्यावर गावानं का मागं राहावं? कुणी उंबऱ्याला दगड नेले, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला. ह्यूइना स्वॉन्सनच्या शेकोटीवर जो लांब दगड आहे त्यावर अर्धा सिंह कोरलेला आहे. उरलेला अर्धा शेजारच्या घरात, आणि या दोन घरांचं गेली तीस वर्षं पटत नाही.

कड्यावर राहिल्या त्या दोन भिंती, एक समुद्राकडची, एक जमिनीकडची. दोन्हींत एकेक खिडकी. समुद्राकडच्या खिडकीची गोष्ट गावात कुणीही सांगेल. एका लॉर्डनं ऑर्कनी बेटांवरची मुलगी बायको करून आणली. ती माहेरासाठी झुरायला लागली, तेव्हा तिला माहेर दिसावं म्हणून त्यानं भिंतीत खिडकी पाडून घेतली. गवंड्यानं ती हातभर चुकवली. समोर नुसतं पाणी, ऑर्कनी राहिली डाव्या अंगाला. बिचारी जन्मभर डावीकडे वाकून बघत राहिली, तिच्या कोपरानं खिडकीची डावी कड झिजली म्हणतात.

"निम्मी झीज माझी आहे," इना म्हणायची. ह्यूइना हे नाव फक्त चर्चच्या वहीत, गावाला ती इनाच. त्रेचाळीस वर्षं रोज दुपारी चार वाजता ती कडा चढून त्या खिडकीशी उभी राहायची. पाऊस असो, गारा असोत, गुडघे सुजलेले असोत.

ती का जाते हे गावाला ठाऊक होतं. निदान गावाला तसं वाटत होतं.

स्कार्गोचे कोळी समुद्रातली जागा जमिनीवरच्या खुणांनी ओळखायचे. पाण्यावर काय खूण करणार? किल्ल्याच्या दोन्ही खिडक्या एरवी काळ्या दिसतात, पण एका ठराविक रेषेत होडी आली की एक खिडकी दुसरीच्या बरोबर मागं येते आणि आरपार आभाळ दिसतं. त्याला म्हणायचं, डोळा उघडला. तेवढ्यात चर्चचं टोक कड्याच्या नाकावर आलं की होडी थांबवायची. तिथं खाली हॅडॉक मासा असा मिळायचा की गळ टाकायचा अवकाश. ही खूण मॅग्नस स्वॉन्सनची, इनाच्या नवऱ्याची. लग्नानंतर आठवड्याभरात त्यानं ती तिला सांगितली, तीही कानात, घरात दुसरं कुणी नसताना.

"आणि कुणी विचारलं तर?" त्यानं विचारलं.

"तर काय सांगू?"

"धुरांड्यावर म्हणायचं."

म्हणजे मासे धुरात सुकवायच्या शेडचं धुरांडं जिची खूण ती जागा, तिथून चांगली दोन मैल उत्तरेला. खरी खूण सख्ख्या भावालाही कुणी सांगायचं नाही. घराघरांतून असंच खोटं चालायचं आणि कुणाला त्यात पाप वाटायचं नाही. इनानं दुकानात, विहिरीवर, चर्चच्या पायरीवरसुद्धा इतक्यांदा "धुरांड्यावर" म्हटलं की जिभेला ते वळणच पडलं.

अठ्ठावन्न सालच्या नोव्हेंबरात मॅग्नस सकाळी एकटाच होडी घेऊन गेला. दुपारी वारा फिरला. चारच्या सुमाराला दार वाजलं. बचावबोटीचा मुख्य हेक्टर बेन दारात उभा होता, अंगावरच्या तेलकापडातून पाणी निथळत होतं.

"इना, मॅग्नस कुठं आहे?"

"धुरांड्यावर," इना म्हणाली.

हेक्टरनं तिच्याकडे क्षणभर बघितलं, "बरं" म्हणाला आणि गेला.

दाराची कडी पडायच्या आत तिला कळलं आपण काय बोललो ते. ती तशीच धक्क्याकडे धावली, तर बोट गारांच्या पडद्याआड गेलेली. मग ती किल्ल्यावर धावली, खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "डोळ्यावर! हेक्टर, डोळ्यावर!" वाऱ्यानं शब्द तिच्याच तोंडावर आणून टाकले. पहाटे बोट परत आली ती एक वल्हं आणि एक टोपली घेऊन.

तिला कुणी बोल लावला नाही. गावातली कुठलीही बाई तेच म्हणाली असती, आणि आपल्याला विचारलं नाही म्हणून प्रत्येकीनं मनात देवाचे आभार मानले असतील. इनाला पुढं दोघांनी मागणी घातली. एक शाळामास्तर तर चांगला होता. पण तिला मॅग्नसच हवा होता, मिशीला मिठाची पांढरी कड असलेला, कानात कुजबुजणारा. आणि तो त्या जागी वाट बघत राहिला नि आपल्यामुळं कुणी तिकडं गेलं नाही, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. एकदा तरी त्या जागी जाऊन तिथून डोळा उघडलेला बघावा, एवढीच तिची इच्छा होती. पण बाई बोटीत म्हणजे अपशकुन, ती चढणार कशी?

त्रेचाळिसाव्या वर्षी सरकारी माणसं आली, किल्ल्याला तारेचं कुंपण घातलं आणि पाटी लावली. समुद्राकडची भिंत हा हिवाळा काढणार नाही, असं त्यांचा इंजिनिअर म्हणाला. भिंत गेली की डोळा गेला, आणि डोळा गेला की समुद्रातली ती जागा कुणालाच सापडणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इना धक्क्यावर हजर झाली. गावात आता बोट उरली होती ती एकच, हेक्टरच्या मुलाची. हा अलिस्टर बेन साठीला आलेला, शेवंडाचे पिंजरे टाकून पोट भरणारा.

"मला बोटीतून ने."

"इनामावशी, बाई आणि बोटीत?"

"तुझ्या बापाचे पाय भिजू नयेत म्हणून तुझी आई त्याला पाठुंगळी घेऊन पाण्यातून बोटीपर्यंत न्यायची. तेव्हा बाई चालत होती?"

"बोटीपर्यंत. बोटीत नाही."

"मी सत्तरीची झाले. माझ्यात बाई किती उरलीय ते नीट बघ आणि सांग."

अलिस्टरनं बोटीचं लोखंड चाचपलं, कुणाचं वाईट होऊ नये म्हणून. "शिट्टी वाजवायची नाही," तो म्हणाला. "आणि पाद्र्याचं नाव काढायचं नाही."

"चाळीस वर्षं मी त्याचं प्रवचन ऐकतेय. मी कशाला नाव काढू?"

सप्टेंबरचा शांत दिवस होता. बंदराबाहेर पडलं की अलिस्टरला खूण सांगायची, असं इनानं ठरवलं होतं. पण तोंड उघडेना. वाऱ्यात ओरडणं वेगळं, माणसाच्या कानात सांगणं वेगळं, आणि ही तर मॅग्नसची एकच ठेव तिच्यापाशी होती. थोडं पुढं गेल्यावर सांगू म्हणाली, आणखी थोडं पुढं म्हणाली. मागं किल्ला हळूहळू वळत होता. जन्म त्याच्या सावलीत गेला, पण समुद्रातून तिनं तो कधी बघितला नव्हता. इथून तो पडका वाटतच नव्हता. उंच होता, देखणा होता, आतमध्ये कुणी राहत असावं असा. मॅग्नस रोज हे बघायचा, आणि हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

काळ्या खिडकीत एक पांढरी चीर दिसली. ती रुंदावली. डोळा उघडला आणि आरपार आभाळ दिसलं. चर्चचं टोक सरकत कड्याच्या नाकावर आलं आणि त्याच क्षणी इंजिन मंदावलं.

इना कितीतरी वेळ बघत राहिली. मग सावकाश वळली.

"अलिस्टर, मी तुला खूण सांगितलीच नाही."

अलिस्टर खाली बघायला लागला.

"कुणी सांगितली?"

"बाबानं. मरताना तीन जागा दिल्या त्यानं मला. त्यातली ही एक."

"आणि त्याला कुणी दिली?"

"कोण देणार? बाबा लांबून मॅग्नसवर नजर ठेवायचा, आणि तो घरी परतला की यायचा इथं. तुझ्या लग्नाच्या आधीपासून."

"चोर मेला!"

"होताच," अलिस्टर म्हणाला.

इनानं बोटीची कड घट्ट धरली. "मग त्या दिवशी मी धुरांड्यावर म्हणाले तेव्हा..."

"मावशी, कोळ्याची बायको कधी खरी जागा सांगते का? बाबा तुझ्या दारातून निघाला तो सरळ इथंच आला. गारांत काही दिसत नव्हतं, नुसत्या कंपासवर आणि घड्याळावर आला. पहाटेपर्यंत इथंच घिरट्या घालत होते. वल्हं इथंच सापडलं."

"मग मला सांगायला त्याला काय धाड भरली होती?"

"सांगितलं असतं तर जागा ठाऊक होती हे कळलं असतं ना तुला."

इनानं डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि त्याला दोन तडाखे दिले, एक बापाचा, एक त्याचा. मग ती रडली. त्रेचाळीस वर्षांचं रडणं होतं ते, लवकर संपेना. अलिस्टर इंजिनाशी उगीच खुडबुड करत राहिला. शेवटी तिनं वाकून पाण्यात हात घातला, मनगटापर्यंत.

"मॅग्नस," ती म्हणाली, "ते आले होते रे."

जानेवारीच्या वादळात भिंत पडली. वसंतात सरकारी कचेरीतून एक तरुण मुलगी गावाची माहिती लिहून घ्यायला आली. किल्ल्यापाशी फलक लावायचा होता. इनानं तिला चहा आणि ओटची बिस्किटं दिली. अलिस्टरही तिथंच बसला होता, वाटेवरून जाताना डोकावल्यासारखा. मुलीनं सिंहाबद्दल विचारलं, ऑर्कनीच्या बायकोबद्दल विचारलं, मग जरा चाचरत म्हणाली, "आणि तुमच्या यजमानांची होडी... ती नेमकी कुठं बुडाली?"

अलिस्टरनं चहात तिसऱ्यांदा साखर घातली आणि शेकोटीवरच्या अर्ध्या सिंहाकडे बघत बसला.

इनानं किटली खाली ठेवली.

"धुरांड्यावर," ती म्हणाली, आणि मुलीनं ते लिहून घेतलं.