हजराने ठराव बाहेर काढला

अल मुंतझातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मुलं शाळेत गेली की हजराचं शिलाई मशीन सुरू व्हायचं. हर्णैची ही मुलगी लग्न होऊन दोह्यात आली तेव्हा तिला अरबीचा गंधही नव्हता. पण काही वर्षांतच ती कतारी बायकांचे काळे, पायघोळ अबाये शिवू लागली आणि मापं घेता घेता हिंदी-अरबीची खिचडी करून त्यांच्याशी पोटभर गप्पाही मारू लागली. तिचं हसणं खालच्या जिन्यापर्यंत ऐकू जाई. नवरा अबूबकर गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात विक्रेता होता. माणूस शांत, दहा वाक्यांचं काम एका वाक्यात करणारा.

१९९९च्या मार्चमध्ये उम्म खालिद नावाची तिची जुनी गिऱ्हाईक नवा अबाया न्यायला आली ती धापा टाकतच. कतारमध्ये नगरपालिकेची निवडणूक होती आणि बायकांनाही मत होतं.

"यल्ला हजरा, आटप! जुना अबाया घालून मी मत द्यायला जाणार नाही."

ती गेली तरी हजराच्या डोक्यातून तिचा चेहरा जाईना. रात्री जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, आपल्या मंडळात मत कोण देतं?"

"घराला एक मत."

"घर म्हणजे कोण?"

अबूबकरचा घास हातातच राहिला. "म्हणजे... मी."

हजरा इतकी हसली, की शेवटी त्यालाही हसू आवरेना.

मंडळ म्हणजे सागरतीर मराठी मंडळ. रत्नागिरी-रायगडची मुसलमान कुटुंबं आणि पुण्या-नाशकाकडची हिंदू कुटुंबं मिळून ईद, दिवाळी, सहली सगळं साजरं करत. सांदणं वाफवायची, नाटकं बसवायची, मुलांना मराठी गाणी शिकवायची, ही कामं बायकांची. अध्यक्ष निवडायचे पुरुषांनी. हजराने नवऱ्याकरवी ठराव दिला, की यापुढे प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र मत असावं.

अध्यक्ष सदानंद एका गॅस कंपनीत इंजिनीअर होते. माणूस दिलदार. कुणाच्या घरी आजारपण आलं, तर मदिनत खलीफातल्या घरून त्यांची गाडी सगळ्यांच्या आधी दारात उभी. पण वादाची त्यांना ॲलर्जी. नाही म्हणायचं जिवावर आलं, की ते विषय कार्यकारिणीकडे पाठवत. ठराव तिथे गेला आणि बरणीतल्या लोणच्यासारखा मुरत पडला. हजरा प्रत्येक कार्यक्रमात विचारायची. ते हात जोडून म्हणायचे, "विचार चालू आहे, वहिनी. इन्शाल्ला पुढच्या बैठकीत." अशा पुढच्या बैठका किती आल्या आणि गेल्या.

२००२च्या जानेवारीत सदानंदांची बायको, सरोज, ब्लाउज शिवायला आली. खांद्याचं माप देता देता म्हणाली, "काल टीव्हीवर एक गंमत बघितली, हजराताई. अमेरिकेत निवडणुकीच्या निधीवरचं एक विधेयक म्हणे सभागृहापुढे येतच नव्हतं. मग निम्म्याहून जास्त खासदारांनी एका अर्जावर सह्या केल्या. आता वरच्यांना आवडो न आवडो, मतदान घ्यावंच लागणार."

हजराने टेप बाजूला ठेवली. "आपल्याकडे असं काही आहे का?"

"आहे की! निम्म्याहून जास्त सभासदांच्या सह्या असल्या, की ठराव कार्यकारिणीतून निघून थेट सर्वसाधारण सभेत येतो. मंडळाचे नियम आमच्याच दिवाणखान्यात ठरले. मी चहा देत होते, पण कान उघडे होते माझे." मग हळूच म्हणाली, "मी सांगितलं म्हणून ह्यांना कळू देऊ नका. कळलं तरी हरकत नाही म्हणा."

अडचण एकच होती. सही चालणार होती फक्त सभासदांची, म्हणजे नवऱ्यांची. आणि कागद जाणार होता थेट अध्यक्षांच्या हातात. जो तो म्हणे, "वहिनी, मी मनाने तुमच्याबरोबर, पण पहिली सही माझी नको." अबूबकर दर शुक्रवारी सदानंदांबरोबर कॅरम खेळायचा. दोन दिवस त्याने कागद नुसता खिशात घालून फिरवला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पेन मागितलं. "कॅरम गेला तर गेला," म्हणाला आणि सगळ्यात वर, ठसठशीत सही केली.

मग सह्या येऊ लागल्या. बायका स्वयंपाकघरातून किल्ला लढवत होत्या. मध्येच कुशलने माघार घेतली. सदानंदांनी फोन करून "अरे, तूसुद्धा?" एवढंच विचारलं होतं. त्याची बायको चैत्राली मंडळाचं नाटक लिहायची आणि मुख्य भूमिका कुशलची असायची. तिने शांतपणे सांगितलं, "यंदा तुझं पात्र पहिल्याच प्रवेशात मरतं." दुसऱ्या दिवशी कुशलची सही पुन्हा कागदावर आली. दोह्यातल्या मराठी घरांत आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

एक सही मात्र कमी पडत होती. बाकी सगळ्यांना विचारून झालं होतं, राहिले होते फक्त इंडस्ट्रियल एरियातले रिफतभाई. महाडचे, कंपनीच्या खोलीत एकटे राहणारे, गोदामाचे स्टोअरकीपर. त्यांना विचारावं हे कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांची बायको कधी कतारला आलीच नव्हती, त्यांना या मताचा उपयोग काय?

शुक्रवारी दुपारी हजरा आणि अबूबकर तिकडे गेले. रिफतभाईंनी चहाच्या टपरीवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेन कुठाय?"

हजराला राहवलं नाही. "भाईजान, पण भाभी तर इथे नाहीत."

"नाहीत खरं. पण गावचं घर, शेत, मुलांची लग्नं, सगळं तीच ठरवते गं. मी फक्त हो म्हणतो," ते हसत म्हणाले. "उद्या आलीच, तर इथे काय तिला मुकं बसवायचं?"

हजराने पर्समधून पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. तिचे डोळे भरून आले होते.

सभेला हॉल भरून गेला. कुणीतरी उठून म्हणालं, "घरात दोन मतं झाली तर भांडणं होतील."

मागून हजराचा आवाज आला, "एका मतात कुठे कमी होतायत?"

इतका हशा उठला, की सदानंदांनाही चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हात वर झाले आणि ठराव भरघोस मतांनी मंजूर झाला. सदानंद माइकवर म्हणाले, "मी भांडणाला भीत होतो. इतकं हसू येणार हे माहीत असतं, तर पहिल्याच बैठकीत मत घेतलं असतं." सरोजने सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

पुढच्या निवडणुकीत हजराने स्वतः शिवलेला मोरपंखी सूट घालून मत दिलं. घरी जाताना अबूबकरने गाडी चालवत सहज विचारलं, "कुणाला दिलंस?"

"गुप्त मतदान असतं, मियाँ," ती म्हणाली आणि कॉर्निशच्या समुद्राकाठच्या रस्त्यावरून जाताना खिडकीची काच खाली करून खूप वेळ वारा खात बसली.