मयत प्रमुखामागे घरात कोण?

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून नुकताच वेगळा झाला होता, तेव्हा पंचायत समितीच्या कार्यालयात आदरणीय टेंभरे साहेबांची आणि माझी पहिली भेट झाली. साहेब विस्तार अधिकारी होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नव्याने रुजू झालेला लिपिक. माझी लाभार्थ्यांची नोंदवही त्यांनी शेवटच्या पानापर्यंत पाहिली आणि म्हणाले, “अक्षर नीटनेटके आहे. यांतल्या किती माणसांना भेटलात?” मी एकालाही भेटलो नव्हतो.

साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या इतर कार्याविषयी मान्यवर लिहितीलच. मी मात्र पुढे काही वर्षांनी आलेल्या, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या आरोग्य विमा योजनेपुरतेच लिहिणार आहे. तिथे माझ्या हातून एक चूक झाली आणि ती अजून मनातून गेलेली नाही.

विमा कंपनीचे पथक यंत्र घेऊन एका गावात एकच दिवस येई. यादीतल्या कुटुंबप्रमुखाने समोर यायचे, बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यायचे, की कार्ड तिथेच हाती पडे. चिखलात भाताची रोवणी करणाऱ्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नसत. म्हणून साहेब टेबलाशेजारी कोमट पाण्याचे घमेले आणि स्वच्छ टॉवेल ठेवत, आणि म्हाताऱ्यांचे हात स्वतः पुसून देत. एका आजोबांनी त्यांना विचारले, “हात धुवून देऊन राहिले, आता जेवाले बी वाढता का जी?” साहेबांनी खरोखरच आपला डबा त्यांच्यापुढे सरकवला.

गावोगावच्या याद्या तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. ज्या कुटुंबाचा प्रमुख मयत होता, त्याची ओळ मी लाल शाईने आखून बाद केली. यादी अचूक असावी, एवढाच माझा विचार होता. बाद ओळीला चिठ्ठी जात नसे. चिठ्ठी नाही म्हणजे शिबिराचे बोलावणे नाही.

इटियाडोह धरणाच्या कालव्यालगतच्या एका गावात चौथे शिबिर होते. तिथे सखूबाई नावाच्या वृद्धा बोलावणे नसतानाही येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते. कार्डाशिवाय ते होणार नव्हते. मी यादीवर बोट ठेवून म्हणालो, प्रमुख मयत आहे.

त्या म्हणाल्या, “बुढा गेला, मी त आहो न जी. मले कायले मारून राहिले?”

साहेबांनी यादी आपल्याकडे ओढली. प्रमुख हयात नसल्यास त्याच्या पत्नीने प्रमुख म्हणून नोंदणी करावी, हे परिपत्रक माझ्याच फाइलमध्ये होते. त्यांनी पथकाला सखूबाईंचे नाव यंत्रात उघडायला लावले आणि कार्ड त्यांच्या हातात पडेपर्यंत ते खुर्चीवर बसले नाहीत. मग मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारले, “आधीच्या तीन गावांत किती ओळी आखल्या?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या घरी आले आणि मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसलो. लाल ओळीतल्या प्रत्येक घरापाशी ते गाडी थांबवत आणि आत कोण आहे हे मलाच विचारायला लावत. दोन गावांतल्या बायकांना आम्ही शेजारच्या शिबिरात नेऊन कार्डे मिळवून दिली. तिसऱ्या गावापर्यंत पोचलो तोवर मात्र तालुक्यातल्या नोंदणीची मुदत संपली होती आणि पथक तालुका सोडून गेले होते. तिथल्या एका बाईंनी दुखऱ्या पोटावर लुगड्याचा पट्टा घट्ट बांधला होता. त्यांना मी पुढच्या वर्षीची नोंदणी सांगितली. त्या “बरं जी” म्हणाल्या आणि घरात गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचे नाव लागले, पोटाचे ऑपरेशनही झाले. पण तोवर मजुरी सुटल्याने त्यांनी बिऱ्हाड माहेरी हलवले होते.

माझ्या गोपनीय अहवालात साहेबांनी या चुकीबद्दल अक्षरही लिहिले नाही. पुढच्या हंगामापासून प्रत्येक यादीला त्यांनी हाताने एक रकाना जोडला: ‘मयत प्रमुखामागे घरात कोण?’ तो रकाना घरी जाऊनच भरावा लागे, आणि तो भरण्याचे काम त्यांनी माझ्याकडेच ठेवले.

साहेब मला रागावले असते तर कदाचित मी हे विसरलो असतो. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांची गाडी अशीच दारोदारी थांबत राहो, ही माझी मनापासून प्रार्थना आहे. आणि कधीतरी, अगदी शंभरीत का होईना, त्या तिसऱ्या गावाबद्दल त्यांनी मला एकदा रागवावे.