आठ आण्यांची फट

काळजी करणारी माणसं पायलीला पन्नास मिळतील, पण खिडक्यांच्या काळजीनं वाळत गेलेला माणूस उभ्या हुबळी-धारवाडात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. रेल्वेच्या डब्यांचं सुतारकाम करून निवृत्त झालेल्या या माणसाला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. कुणाकडेही गेले की चहाआधी खिडकी. त्यांच्या लेकासाठी मुलगी बघायला देशपांडे नगरात गेलो, तर हे खुशाल खिडकीची कडी वरखाली करत बसले आणि बाहेर पडताना म्हणाले, "चौकट गुण्यात आहे, चारही कोपरे काटकोनात. माणसं बरी असणार." सोयरीक जमलीसुद्धा!

धारवाडच्या जुन्या वाचनालयाचा मी चिटणीस. सत्याण्णव साली तिथल्या सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवायचं अध्यक्षांच्या मनात आलं, आणि मी बावळटासारखं ते अण्णांपाशी बोललो. झालं! अण्णा रोज हुबळीहून बसनं येऊन बावीस खिडक्या उतरवून, तासून, त्यांना करडईचं तेल पाजत बसले. मेअखेर बसवल्या, तर प्रत्येक झडपेला फट. अध्यक्षांनी फटीतून सभासदाचं कार्ड आरपार घातलं आणि माझ्याकडे बघितलं. अण्णांसाठी शब्द मीच टाकला होता.

अण्णांनी खिशातून आठ आण्यांचं नाणं काढून फटीत सरकवलं. बरोब्बर बसलं. "स्वल्प तडीरी, थोडं थांबा," ते म्हणाले. "पावसाळ्यात लाकूड फुगतं, ही जागा त्याची. नाही मिटली तर तुमच्या त्या खिडक्या मी माझ्या हातानं बसवून देईन."

बोलले ऐटीत, पण खरी घालमेल त्यांचीच. जून कोरडा गेला. अण्णा रोज यायचे, बावीस फटींत नाणं घालायचे, ते आत जायचं, आणि हे तोंड पाडून परत. ताटातली भाकरी तशीच राहते, असं अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, सांगायची. जुलैत झड लागली. चौथ्या दिवशी नाणं पहिल्या खिडकीला अडलं. बाविसावीपाशी पोचेपर्यंत अण्णा चक्क रडत होते. अध्यक्षांनी एक झडप लावून बघितली आणि ॲल्युमिनियमवाल्याला नको म्हणून कळवलं.

अण्णांना जाऊन चार वर्षं झाली. ते नाणं अक्कानं मला दिलं. दर मे महिन्यात मी ते फटीत घालून बघतो. ते सहज आत जातं, आणि जुलैपर्यंत माझी भाकरी ताटात तशीच राहते. थोडं थांब म्हणणारं आता कुणी नाही.