घाट न चढणारी गाडी

चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते तेव्हा शिपाई दारात येऊन उभा राहिला. "बाई, ऑफिसात तुमचा फोन आहे," असं सांगून तो एरवी निघून जातो, त्या दिवशी मात्र माझ्यासाठी थांबला. मी खडू हातात तसाच घेऊन त्याच्या मागून गेले. फोनवर मोरिवलीच्या एका कारखान्याचा वॉचमन होता. माझ्या धाकट्या भावाचा, सुधाकरचा, ट्रक माल भरायला गेटबाहेर रांगेत उभा होता. पुढची गाडी आत गेली तरी ही हलेना. मागच्याने हॉर्न वाजवला, मग त्याच्या मागच्यानेही वाजवला, शेवटी एक जण शिव्या देत खाली उतरला आणि केबिनपाशी आला, तर सुधाकर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला. आधी सगळ्यांना तो झोपलाय असंच वाटलं म्हणे. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

जलदान विधी झाला, माणगावकडची माणसं आली आणि गेली. चुलतभावाने गावाला चल म्हणून खूप आग्रह केला, मी शाळेचं निमित्त पुढे केलं. आता अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटी आहे आणि लिहायला बसले आहे. सुधाकरबद्दल लिहिण्यासारखं काय आहे, असं कोणी म्हणेल. तो पुढारी नव्हता, कलावंत नव्हता. एका जुन्या ट्रकचा मालक आणि त्याच ट्रकचा ड्रायव्हर, एवढीच त्याची ओळख. पण त्याने तो ट्रक कसा निवडला आणि का निवडला, यातलं निम्मं मला इतकी वर्षं माहीत होतं आणि निम्मं आत्ता कळलं. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ट्रक घेण्याआधी सुधाकर उल्हासनगरच्या हरिशेठच्या गाडीवर होता. कापडाचे तागे घेऊन इंदूर, नागपूर, हैदराबाद अशा लांबच्या लाइनवर जायचा. एकदा गेला की पंधरवडा तोंड दिसायचं नाही. त्याला ते आयुष्य मनापासून आवडायचं. लहानपणी भूगोलात नापास होणारा हा मुलगा मला नद्यांची नावं सांगायचा, कुठल्या गावची माती कुठे लाल होते ते सांगायचा. आणि घाटाबद्दल बोलायला लागला की त्याला थांबवणं मुश्कील. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा इंजिनाचा आवाज कसा भरून येतो, वरच्या वळणावर धुकं अंगावर कसं येतं, माथ्यावर पोचल्यावर गाडी बाजूला घेऊन चहा प्यायला काय मजा येते... मी भाकऱ्या थापत ऐकत असे. मी कधी तो घाट पाहिलेला नाही, पण त्याच्या तोंडून इतक्यांदा चढले आहे की विचारू नका.

मग आमची आई गेली. वडील आधीच गेले होते. माझं लग्न जमता जमता राहिलं होतं आणि पुढे तो विषयही मागे पडला. सुधाकर लाइनवर असला की घरात मी आणि रेडिओ. शेजारणी विचारायच्या, मीनाताई, एकट्या कशा राहता हो? मी ठसक्यात सांगायची, दिवसभर पोरांचा कालवा ऐकते, घरी शांतता बरी वाटते. सुधाकरलाही मी हेच सांगितलं होतं. "माझी काळजी नको करूस, मला एकटं बिकटं काही वाटत नाही," असं अगदी स्वच्छ शब्दांत. खरं काय ते माझं मला ठाऊक. संध्याकाळ झाली की मला घर खायला उठायचं. कडी लावलेली असली तरी पुन्हा जाऊन पाहायची, दोन माणसांचा भात टाकायची आणि सकाळी तो शिळा एकटीने खायची. पण हे बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही.

एका खेपेहून परत आल्यावर जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, मी स्वतःची गाडी घेतो. जुनी घेऊ. लोकल भाडी मारू." मला वाटलं, शेठशी काही वाजलं असेल. तसं काही नव्हतं. उलट हरिशेठने त्याला घरी बोलावून समजावलं. शेठकडे दोन-तीन वर्षं चाललेली एक गाडी होती, दमदार इंजिनाची, ती हप्त्याने द्यायला तो तयार होता. "सुधाकर, बैल बुढ्ढा लेके क्या करेगा? ये गाडी ले, लाइन पे डाल, पाच साल में दुसरी लेगा," असं त्याचं म्हणणं. शेठचं काही चुकत नव्हतं. पण तसली गाडी लांबच्या लाइनवर पळवली तरच परवडते, लोकलच्या भाड्यात तिचा हप्ता निघत नाही. सुधाकर मान डोलवत सगळं ऐकून आला आणि रविवारी जुन्या गाड्या बघायला निघाला. मलाही बरोबर चल म्हणाला.

ट्रकमधलं मला काय कळतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, तुझा हात पाहिजे. त्याचं म्हणणं असं की जुनी गाडी विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतो. दुखण्यातलं इंजिनही गरम असलं की गोड बोलतं. त्याची खरी तब्येत कळते ती रात्रभर उभं राहिल्यावर, थंडगार असताना पहिला सेल्फ मारला की. म्हणून भल्या पहाटे, न कळवता जाऊन पोचायचं आणि आधी इंजिनाला हात लावून बघायचा. पण सुधाकरचे तळवे स्टिअरिंग आणि पाने धरून धरून इतके राठ झाले होते की चटका बसला तर कळायचा, कोमट मात्र कळायचं नाही. तेव्हा तो बॉनेट उघडायचा आणि म्हणायचा, "ताई, हात लाव." मी पदर खोचून हात लावायची. उल्हासनगरच्या कॅम्पांच्या वस्त्यांमधून, शहाडच्या रस्त्याला, बदलापूरच्या वेशीवर, किती गाड्यांना मी असा हात लावला! तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. कोमट लागलं की मी मान हलवायची आणि आम्ही काही न बोलता चालू पडायचो. एका विकणाऱ्याने तर विचारलं, ये मॅडम आरटीओ से है क्या? सुधाकर म्हणाला, हो. आम्ही स्टेशनपर्यंत हसत आलो.

त्या रविवारांइतके सुखाचे दिवस मला दुसरे आठवत नाहीत.

शेवटी बदलापुरात एका भाताच्या व्यापाऱ्याकडे ती गाडी मिळाली. म्हाताऱ्याने स्वतः सांभाळलेली, मुलांना नको असलेली. पुढे लांब नाक, रंग उडालेला, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या. हात लावला तर इंजिन दगडासारखं गार. सुधाकरने सेल्फ मारला आणि ते पहिल्याच झटक्याला चालू झालं. मागून जरा काळा धूर आला आणि थांबला. त्याने तेलाचं झाकण काढून वर तळहात धरला, आतून वाफ मारते का ते पाहिलं. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. मग मलाही ऐकवलं. मला नुसती टकटक ऐकू आली. तो म्हणाला, "ऐकलंस? काही लपवत नाही बिचारं." तिथेच सौदा ठरला. गाडी घरी आली तेव्हा लिंबू-मिरची बांधायचा प्रश्न नव्हता. आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि आळीभर खीर वाटली.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी घरी यायला लागला. मोरिवलीतून माल भरायचा, भिवंडी नाहीतर तळोजा करायचा आणि दिवेलागणीला आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी लावायचा. अंधार पडता पडता तो आवाज कोपऱ्यावर आला की मी तवा ठेवायची. आमच्या गप्पा म्हणजे काय, तर मी बोलायची आणि तो जेवायचा. कधी उशीर झाला तर वाटेतून फोनच्या बूथवरून शेजारी निरोप द्यायचा. कारखान्यांचे लोक अनेकदा त्याला पुण्याची, नाशिकची भाडी द्यायला बघायचे. तो सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "गाडी जुनी आहे, घाट चढत नाही." पुढे पुढे त्याला लोक घाट न चढणारा सुधाकर असंच म्हणायला लागले. हरिशेठ भेटला की चिडवायचा. सुधाकर हसायचा आणि सोडून द्यायचा.

मला मात्र वाईट वाटायचं. ज्या माणसाला घाटाचं एवढं वेड, त्याच्या नशिबी असं मरतुकडं इंजिन यावं! नव्वदच्या पुढे लांबच्या वाहतुकीला जोर आला, त्याच्या बरोबरीच्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या गाड्या घेतल्या. मी म्हटलं, अरे, दुसरं इंजिन टाक. उल्हासनगरात हवं ते मिळतं, माझ्या फंडातून काढते. तो म्हणाला, "राहू दे गं ताई. पोटापुरतं चाललंय ना?" मी चिडून म्हटलं की त्या दिवशी माझ्या हाताला काहीतरी कळायला हवं होतं, चुकीची गाडी घेतली आपण. त्यावर तो म्हणाला, "तुझा हात बरोबर होता." आणि भाकरी मोडायला लागला. मला वाटलं, माझं मन राखतोय.

तो गेल्यावर गाडी महिनाभर घरासमोर उभी होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि तिच्यावरून नजरही हलत नव्हती. शेवटी इस्माईल मिस्त्रीला निरोप पाठवला. सुधाकरच्या गाडीचं सगळं काम पहिल्या दिवसापासून हाच करायचा. तो जुन्नरकडचं एक गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाईक भाजीपाल्याच्या धंद्यातलं, त्याला रोज माळशेज उतरायचा आणि चढायचा होता. त्याने गाडी फिरवून पाहिली, पसंत पडली, आणि मग मला विचारलं, "बाई, भरलेली घाट चढंल ना?" जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. मी सांगून टाकलं, "नाही हो. ही गाडी घाट चढत नाही." गिऱ्हाइकाचा चेहरा पडला. इस्माईल मिस्त्री फडक्याला हात पुसत उभा होता. त्याने गिऱ्हाइकाला नाक्यावर चहा घ्यायला पाठवलं आणि पायरीवर बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "ताई, गाडी घाट चढती है."

मला वाटलं, सौदा मोडू नये म्हणून म्हणतोय.

"पहले दिन से चढती थी. कोई भी घाट," तो म्हणाला. "डिझेलचा पंप त्याने कमी करवून घेतला माझ्याकडून, गाडीचा जोरच काढला. कुणी चालवून बघितली तर झूठ पकडायला नको म्हणून. मैंने बोला, पागल है क्या, लोग पंप बढाते हैं. तर बोलला, इस्माईलभाई, घाट के उस पार गया तो शाम को घर कैसे आऊंगा? ताई अकेली डरती है. और उसको बताना मत, वो मानेगी नहीं."

त्याने तिथेच अर्ध्या तासात पंप सारखा केला आणि गाडी चालू केली. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. भरदार, मोकळा... आजूबाजूची पोरं धावत बाहेर आली. मी आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. आधी मला राग आला, इतका की तो समोर असता तर कानाखाली वाजवली असती. कोणी सांगितलं होतं याला? मी कधी म्हटलं होतं का रे, की मला भीती वाटते? आणि मग रडू आलं, कारण मी म्हटलं नव्हतं तरी त्याला कळलं होतं. लाइनवरून आला की मी या खोलीतून त्या खोलीत त्याच्या मागे मागे बोलत फिरायची, त्याचं जेवण निवून जायचं तरी माझं बोलणं संपायचं नाही. त्यावरून कुणालाही कळलं असतं. मलाच वाटत होतं की मी लपवलंय.

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी जुन्नरहून फोन आला, घाट आरामात चढली म्हणून. मी बरं म्हटलं.

आता घरासमोर तिची जागा तेवढी उरली आहे. वर्षानुवर्षं तेल ठिबकून तिथली माती काळी, कडक झाली आहे, सभोवती गवत वाढलंय पण त्या चौकोनात एक काडी उगवत नाही. संध्याकाळी मी दारात बसते ती त्या चौकोनाकडे तोंड करून. परवा पलीकडच्या आळीतला संतोष आला. नवीन टेम्पो घेतलाय त्याने. जरा घुटमळला आणि म्हणाला, "बाई, जागा रिकामीच आहे तर टेम्पो लावू का इथे? भाडं काय असेल ते देईन."

मी म्हटलं, भाडं नको. फक्त रोज संध्याकाळी आणून लावत जा.

"आणि उशीर झाला तर?"

"झाला तर झाला. मी जागी असते."