नव्व्याण्णव टक्के

जगात आजवर एकही काम पूर्ण झालेलं नाही असं छातीठोकपणे मानणारा, आणि तरीही जन्मात एकही काम अर्धवट न टाकलेला असा एकच माणूस मी पाहिला. आमचे मामेसासरे. हिचे सख्खे मामा. मूळचे चिपळूणकडचे, पण पंचवीस वर्षं कतारमध्ये, दोह्यात, आणि त्यातली वीस ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतल्या एकाच फ्लॅटमध्ये. फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी उभ्या राहणाऱ्या एका स्टेडियमवर ते जिन्यांचे सुपरवायझर होते. एक वेळ खिशात रुमाल नसेल, पण गवंड्याचा ओळंबा असायचाच. कुणाकडेही जेवायला गेले की पानं वाढून होईपर्यंत हे भिंतीला ओळंबा लावून बघणार. द पर्ल या इथल्या श्रीमंती वस्तीत आमच्या एका पुणेकर मित्राने फ्लॅट घेतला, थेट समुद्र दिसणारा. आम्ही सगळे समुद्राकडे बघत होतो, मामा भिंतीकडे. "छान आहे हो घर," ते म्हणाले, "फक्त दोन सूत बाहेर झुकलंय." त्या घरच्या वहिनी अजून त्या भिंतीला टेकून बसत नाहीत.

पण ओळंब्याचं एक वेळ सोडून देऊ. मामांना खरं वावडं होतं ते शेवटाचं. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. हे काही मी सांगायला नको. मामांनी हा प्रकार सिमेंट-काँक्रीटपर्यंत नेऊन ठेवला होता. त्यांच्या घरात मीठ कधी संपलं नाही, ते नेहमी 'आणायचं' असे. आणि अशा माणसाला नशिबाने आणून टाकलं कुठे, तर जिथे किराणावाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत जो तो उठता-बसता 'खलास' म्हणतो! तो शब्द कानावर पडला की पंचवीस वर्षांनंतरही मामा दचकायचे आणि पुटपुटायचे, "खलास नाही रे बाबा, होत आलं म्हण." त्यांच्या हाताखालचे नेपाळी, बंगाली, तेलुगू कामगार मराठीतले 'होत आलं' हे दोनच शब्द शिकले होते. दर आठवड्याच्या रिपोर्टमध्ये मामांचा प्रत्येक जिना नव्व्याण्णव टक्के. माणसं त्यावरून चढताहेत, उतरताहेत, पायरीवर बसून डबा खाताहेत, पण जिना नव्व्याण्णव! "शंभर लिहिलं की दृष्ट लागते," असं मामांचं म्हणणं. ते त्यांच्या इंग्रज साहेबाला कोण समजावणार?

त्या साहेबाने एक दिवस फर्मान काढलं. सगळ्या सुपरवायझरांनी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा प्राथमिक कोर्स करून परीक्षा द्यायची. संधी दोन. दोन्हींत नापास झालेल्याला घरचा रस्ता. मामा साठीला टेकलेले, घरी जायला त्यांची ना नव्हती. "पण जावईबापू, खड्डा खणला तेव्हापासून मी आहे तिथे," ते म्हणाले. "वरची पायरी बसली की मी आनंदाने गावी. पण मधेच उठवलं, तर उद्या गावात कुठल्या तोंडाने सांगू, की हे मी बांधलं?" मी दुसऱ्या एका कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर, तो कोर्स केव्हाच केलेला, म्हणून शिकवणी माझ्या गळ्यात पडली.

आता जावयाने मामेसासऱ्यांना शिकवायचं म्हणजे काय होतं ते ऐका. ते वडीलधारे, म्हणून मी रागवायचं नाही. मी जावई, म्हणून त्यांनी उलट विचारायचं नाही. दोन्हीकडून नुसतं 'अहो, अहो'. शिवाय जावयाला रिकाम्या पोटी कसं बसवायचं? त्यामुळे दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आधी मामींची घावनं, मग चहा, आणि मग धडा पहिला. मोठ्या कामाचे लहान लहान भाग कसे पाडायचे, हे मी अर्धा तास चार्ट काढून समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे फणस कापायचा, तसंच ना?" कुठलं काम अडलं की सगळंच अडतं, हा तर खरा अवघड धडा. तो मामींनीच स्वयंपाकघरातून सोडवला. "अहो, मोदकांना नारळच खवलेला नसेल तर उकड काढून काय डोंबल करणार?" मी गपचूप चार्टची घडी घातली.

गाडी अडली ती जोखमीच्या धड्यावर. कामात काय काय वाईट होऊ शकेल त्याची यादी करायची, असं म्हटल्याबरोबर मामांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. घरात वाईट बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणत असते! मग काय करता? खाली पार्किंगमध्ये माझ्या गाडीत एसी लावून बसलो आणि अपघात, वादळ, सिमेंटचा तुटवडा, सगळी अभद्र यादी तिथे केली. यादी झाल्यावर मामांनी गाडीची चारही दारं उघडून तिला वारा दिला. वॉचमन बघतच राहिला.

शेवटचा धडा होता काम बंद करण्याचा. पूर्ण झाल्याची नोंद करायची, सगळं ताब्यात द्यायचं, फाइल मिटायची. तो मामांनी ना घरात वाचला, ना गाडीत. पुस्तकाच्या त्या पानांना रबरबँड लावून ठेवला होता. मी आपला समजलो, चार-दोन प्रश्न गेले तर गेले. कसले चार-दोन! परीक्षेत तिथलेच ढीगभर प्रश्न आले, मामांनी एकालाही हात लावला नाही आणि थोडक्यात नापास झाले. मग मात्र माझा तोल गेला. सगळे 'अहो' गुंडाळून मी म्हणालो, "मामा, तुम्ही शेवट लिहिणार नसाल, तर शेवट होईल तेव्हा तुम्ही तिथे नसाल!" बोलून गेलो आणि जीभ चावली. मामा खाली मान घालून ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

मामी हात पुसत बाहेर आल्या. "अहो, आपल्या लेकीचं, बेबीचं लग्न केलंत ना? तिची पाठवणी केलीत. सामानाची यादी वाचून दाखवलीत, विहीणबाईंना सांगितलंत की पोरीला थंडी सोसत नाही, पाया पडून मांडवाबाहेर आलात. तेव्हा काय बेबी खलास झाली?" मामींच्या तोंडी तो शब्द ऐकून मामा दचकले. नंतर त्यांनी रबरबँड काढला. "जावईबापू," ते म्हणाले, "ही पाठवणी आहे असं आधी सांगायचं नाही का हो?" पंधरा वर्षं या धंद्यात असून मलाच ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मामा पास झाले. मामींनी पेढे केले, मी चार खाल्ले. वरची पायरीही बसली. ताबा द्यायच्या दिवशी मामांनी घरी येऊन मला फोनमधला रिपोर्टचा फोटो दाखवला. प्रत्येक जिन्यापुढे, स्वतःच्या हाताने, शंभर. "लिहिलं हो," एवढंच म्हणाले आणि उगाचच चष्मा पुसत बसले. काम झालं तशी कंपनीने त्यांची सगळी टोळीच घरी पाठवायला काढली. पहिल्या सामन्याला अजून काही महिने होते. मामांनी पुस्तकातल्या धड्यासारखं एकेक आवरलं. फ्रिज कुणाला, कुंड्या कुणाला, सगळं यादीनिशी.

विमानतळावर आम्ही दोघं पाया पडलो. ही मामींच्या गळ्यात पडून रडली. मामांनी खिशातून ओळंबा काढून माझ्या हातात ठेवला. "हातसामानात हा सोडायचे नाहीत. राहू दे तुमच्याकडे, आलो की घेईन." त्यांचा व्हिसा रद्द झाला होता, साठी उलटली होती, आता परत बोलावणारं कोणी नव्हतं. ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मामांनी बॅग उचलली, दोन पावलं टाकली आणि वळून म्हणाले, "येतो, जावईबापू."

"या, मामा," मी म्हणालो.